पत्र्याचे पन्नास

शनिवार, ४ फेब्रुवारी

ठण्ण. मग जरा वेळ काहीच नाही. मग टिंग.

लहानपण आठवायला बसलो की हा आवाज आधी येतो, आईचा चेहरा नंतर. सहा वर्षांचा होतो, गोवर आलेला, पडदे ओढून निजवलं होतं. दोन गल्ल्यांपलीकडे क्रॉफ्टच्या मैदानावर बाबा फळ्याला आकड्यांच्या पाट्या अडकवत होते. पाट्या त्यांनी कापड रंगवायच्या रंगशाळेतल्या टाकाऊ पत्र्यातून स्वतः कापलेल्या. पाच हा आकडा रंगाच्या पिंपाचा, जाड, म्हणून ठण्ण. शून्य बिस्किटांच्या डब्याचं, म्हणून टिंग. मी डोळे मिटून आकडा ओळखायचो आणि आईला सांगायचो. ती म्हणायची, ताप चढलाय.

आज तो आवाज मी काढला, एकोणतीस वर्षांनी.

बाबांनंतर पाट्या लावायचं काम माझं होतं, विजेवर चालणारा फळा येईपर्यंत. तो फळा जानेवारीत भाड्याची कंपनी उतरवून घेऊन गेली. खेळाडूंना दोन महिने पगार नाही. सगळं एलरशॉ गाव तोंड पाडून बसलंय. आणि मी? या वहीत खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. सिरिल ओग्डेन, आमच्या फुटबॉल क्लबचा चिटणीस, दारात उभा राहून म्हणाला, "एडविन, तुझ्या त्या पाट्या कुठं आहेत रे?" तेव्हा माझ्या पोटात आनंद झाला. क्लब बुडतोय आणि मला आनंद.

"पलंगाखाली," मी म्हणालो.

"लोक पलंगाखाली चपला ठेवतात."

"तू काय ठेवतोस?"

"तीन महिन्यांची न उघडलेली पत्रं," सिरिल म्हणाला.

शिडी चढताना गुडघे बोलत होते, पण चढलो. जुना फळा मैदानाच्या कालव्याकडच्या टोकाला आहे, अजून सरळ उभा. वरच्या ओळींत इतर मैदानांवरचे गोल लागतात, मध्यंतराला. सर्वांत खाली एकच रुंद ओळ, तिथं लिहिलंय 'रंगारी', म्हणजे आम्ही. तिथं मोसमातले आमचे एकूण गुण लागतात आणि आठवडाभर तसेच राहतात. पद्धत बाबांची. रंगशाळेच्या वरच्या मजल्यावरून पाळीतली माणसं बघायची. रंगशाळा गेली, तिथं आता गाद्यांचं दुकान आहे. गाद्यांवरून कोण बघणार.

आज १-० जिंकलो. अडतीस गुण. तीन आणि आठ लावले आणि टेंटर लेनमध्ये विनीकडे गेलो.

विनी हॉवर्थ माझ्याच वर्गातली. चाळीस वर्षं तिनं क्रॉफ्टवर चहाची टपरी चालवली. कपातून काळे वाटाणे द्यायची, वर व्हिनेगर. आता छातीच्या दुखण्यानं वरच्या खोलीत पडून असते. पलंग खिडकीला लावलाय. खिडकीतून सगळं मैदान ओलांडून समोर माझा फळा. मांडीवर दुर्बीण होती, हर्बर्टची. विनीचा नवरा तिच्यातून कबुतरांच्या शर्यती बघायचा.

"आठ वाकडा लागलाय," ती म्हणाली.

"एकोणतीस वर्षांनी लावलाय, विने."

"आधीही वाकडाच लागायचा."

मग विचारलं, "आमचा डेनिस दिसला का?" डेनिस तिचा एकुलता मुलगा आणि क्लबचा अध्यक्ष.

"स्पेनला गेलाय, कामासाठी," मी म्हणालो. 'कामासाठी' हा शब्द माझा.

"या दिवसांत तिकडे ऊन असेल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

सिरिलनं पलंगाखालची पत्रं उघडली. उघडून उपयोग नव्हता. कोर्टानं क्लब प्रशासकाच्या हाती दिला आहे, आणि लीगचा नियम असा की ज्या क्लबवर ही वेळ येते त्याचे बारा गुण कापायचे. अडतीसचे सव्वीस. काल आम्ही मधोमध होतो, आज खालून दुसरे. खालचे तीन मे महिन्यात खालच्या लीगमध्ये जातात.

मला हिशेब शिकवणाऱ्या मास्तरांनीही असं वजा केलं नव्हतं. पैसे बुडवले डेनिसनं. गुण मिळवले चिखलात लोळणाऱ्या पोरांनी. आणि कापले कुणाचे?

न्हाव्याकडे गेलो होतो. तिथं एकच विषय.

"डेनिस हॉवर्थला कालव्यात बुडवला पाहिजे."

"कालव्यात तेवढं पाणी कुठाय?"

"मग डोक्याकडून बुडवू."

सगळे हसले. मीही हसलो आणि नंतर वाईट वाटलं. डेनिस लहानपणी टपरीच्या फळीखाली खोक्यात झोपायचा, तेव्हा आम्ही सगळे त्याला वाटाणे चारायचो.

तिकडून विनीकडे. तिची देखभाल करणारी शबाना जिन्याखालीच थांबली होती. "अंकल, ऐका," ती हळू म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, धक्का बसेल असं काही सांगायचं नाही. हृदयाला झेपणार नाही. पेपर मी वर नेत नाही. कुणी आलं तर झोपल्यात म्हणते. पण तुमचा तो फळा मी झाकू शकत नाही."

जिना चढताना मला पाट्यांची पेटी आठवत होती. तीन, आठ. दोन, सहा.

शनिवार, १८ फेब्रुवारी

१-१. म्हणजे सत्तावीस. लावले एकोणचाळीस.

असं झालं. पिशवीत दोन आणि सातही घेतले होते. शिडीवर उभा राहून समोर बघितलं तर तिच्या खिडकीत दुर्बिणीची काच चमकली. हात तीनकडे गेला, मग नऊकडे. मनाशी म्हटलं, बाबांनी शून्य ते नऊ कापले, वजाची पाटी कापलीच नाही. त्यांना लागली नाही. हे कारण नाही हे मला कळतं.

खाली उतरलो तर सिरिल उभा. फळ्याकडे बघून म्हणाला, "बारा जास्त आहेत."

"हो."

 मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर केलंस. त्यांनी कागदावर घ्यावेत हवे तर. इथले आमचे आहेत."

त्याला वाटलं मी लीगशी भांडतोय. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर विनीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि हॉवर्थ हे नाव या गावात आता कुणी प्रेमानं घेत नाही.

"आज वाकडा नाही लागला," मी तिच्या खोलीत शिरताच विनी म्हणाली. "एकोणचाळीस ना?"

"एकोणचाळीस."

"छान." तिनं डोळे मिटले. मी निघणार एवढ्यात म्हणाली, "मिस ऑर्मरॉडची रंगाऱ्यांची कविता येते का रे अजून?"

येते की. मिस ऑर्मरॉड बाईंनी वर्गात पाठ करून घेतलेली, शाळेच्या पुस्तकातली, खाली कवीचं नावसुद्धा नव्हतं. मी म्हणायला लागलो:

टेकडीवरती ताणिले कापड, वारा त्याला वाचे,
निळी-तांबडी होऊन नदी ही गावामधुनी नाचे;
दिवस मावळे, खुंटीवरुनी उतरून घेती ताणे—

आणि चौथी ओळ नाही. कपाळ चोळलं, नाही.

"मला येते," विनी म्हणाली.

"सांग मग."

"पुढच्या शनिवारी."

शनिवार, २५ फेब्रुवारी

हरलो, बाहेरगावी. काही बदलायचं नव्हतं. तरी गेलो तिच्याकडे. ओळ सांगितली नाही.

शनिवार, ४ मार्च

२-० जिंकलो. बेचाळीस. माझ्या फळ्यावरचे.

पाटी अडकवत होतो तर खालून लोक टाळ्या वाजवायला लागले. आधी दहा-बारा, मग सगळी कालव्याकडची बाजू. 'बेचाळीस, बेचाळीस' असं गाणंच सुरू झालं. माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.  मी बंडखोर नाही. मी एका आजारी बाईपासून एक गोष्ट लपवतोय, आणि सगळं गाव त्याला बंड समजून गातंय.

रविवार, १२ मार्च

स्थानिक पेपरात माझा फोटो. टोपी वाकडी. खाली माझं नाव, एडविन क्लेग, आणि लिहिलंय, 'एलरशॉचा फळा वजाबाकी मानत नाही.' शबानानं पेपर वर नेला नाही, हे बरं.

सकाळी रोरी मॅकनल्टी घरी आला. आमचा गोलरक्षक, बत्तीस वर्षांचा, आठवडाभर फरश्यांच्या गोदामात काम करतो. पगार न मिळूनही खेळणाऱ्यांपैकी एक. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच चहा प्यायला.

"आजोबा, एक सांगायचं होतं. ते आकडे काढू नका."

"का रे?"

"दुसऱ्या अर्ध्यात मी तुमच्या फळ्याखाली उभा असतो. लीगच्या यादीत बघितलं की वाटतं ऑगस्टपासून आम्ही काही केलंच नाही. इथं बघितलं की वाटतं, केलंय." मग हसला. "बायको म्हणते, फळ्यावरून किराणा मिळतो का बघ."

"मिळतो?"

"विचारलं नाही अजून."

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, कालच्या बरोबरीनंतर मीसुद्धा मनात त्रेचाळीस म्हणत होतो. रेडिओवर निवेदक एकतीस म्हणाला तेव्हा मी त्याला चुकला म्हणालो, मोठ्यानं, एकट्या घरात.

शनिवार, १८ मार्च

जिंकलो. शेहेचाळीस.

आमच्या बाजूला सगळे मानतात की पन्नास गुण झाले की त्या मोसमात क्लब खाली जात नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण दरवर्षी वसंतात सगळे पन्नासकडे डोळे लावून बसतात. बाबा म्हणायचे, पन्नास लागले की मी शिडीवरून उतरून बिअर पितो. विनी आज म्हणाली, "चारच राहिले."

"चारच," मी म्हणालो. खरे सोळा राहिलेत.

मी खोलीत शिरलो तेव्हा तिनं उशीखाली काहीतरी सारलं. कपाटावरचा रेडिओ बंद होता. सहज हात ठेवला तर कोमट.

"उन्हात होता," ती म्हणाली.

आमचं मार्चमधलं ऊन. पण असेल. बिचारीला रेडिओही ऐकू देत नाहीत, शबाना फार काळजी घेते.

मग अचानक म्हणाली, "एडविन, तुला खोटं बोलता येतं का रे?"

 "नाही," म्हणालो.

"शाळेतही येत नव्हतं. मिस ऑर्मरॉडला म्हणालास वही कालव्यात पडली, आणि वही तुझ्या बगलेत होती."

हसता हसता तिला खोकला आला, शबाना धावत आली. मी जिन्यात उभा राहिलो. केस नीट विंचरलेले होते तिचे, निळी क्लिप लावलेली. आजारी माणसाला एवढी टापटीप कशाला, असं वाटलं. शबानाची हौस असेल.

चौथी ओळ? "पुढच्या शनिवारी."

शनिवार, १ एप्रिल

जिंकलो. एकोणपन्नास. माझ्या फळ्यावर नऊ इतका सरळ कधी लागला नव्हता.

प्रशासकाच्या ऑफिसातली एक बाई मैदानाची पाहणी करून गेली. सिरिल म्हणतो, एक खरेदीदार आहे, पण त्याची एक अट आहे. क्लब याच लीगमध्ये राहिला तरच घेणार. खाली गेला तर नाही.

"मग काय होईल?"

"मग तू पाट्या परत पलंगाखाली ठेव," सिरिल म्हणाला. "आणि मी पत्रं."

शनिवार, ८ एप्रिल

बरोबरी. पन्नास.

ठण्ण. टिंग.

मैदान उभं राहिलं. ईस्टर असल्यानं पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळेच आलेले. लीगच्या यादीत अडतीस आहेत आणि आम्ही अजून खालून तिसरेच, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे उभे राहिले. रोरीनं खालून हातमोजा हलवला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्मा धुकट झाला, उतरताना एक पायरी चुकली.

विनीकडे आल्याच्या केकचा तुकडा ठेवला होता माझ्यासाठी. शबानानं केलेला, पण कृती विनीची. गुळचट आणि थोडा जळका, टपरीवर असायचा तसा.

"झाले पन्नास," ती म्हणाली. "ऐकू आलं मला. पाच आणि शून्य."

"खिडकी बंद असताना?"

"मी चाळीस वर्षं त्याच मैदानावर वाटाणे उकळले, एडविन. तुझ्या बाबांच्या हातचा पाच मला ओळखू येत नाही?"

मला वाटत होतं ते मला एकट्यालाच ओळखू येतं.

हात धरायला दिला तिनं. हलका होता, पेपरच्या घडीसारखा. खूप वेळ बसलो. डेनिसबद्दल एकदाही विचारलं नाही, याचं आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

मग न मागता ओळ म्हणाली, तोंड खिडकीकडे करून:

रंग उडाला तरीही कापड रंगाऱ्याला जाणे.

"एवढी सोपी," मी म्हणालो.

"सोपी तेवढी तू विसरतोस." मग म्हणाली, "आता ओळ राहिली नाही द्यायला. तरी पुढच्या शनिवारी येशील ना?"

"आकडा घेऊन येईन," मी म्हणालो.

शनिवार, १५ एप्रिल

बाहेरगावी हरलो. विनी झोपली होती. शबानानं उठवू दिलं नाही. जिन्यावर बसलो थोडा वेळ, आणि आलो.

रविवार, १६ एप्रिल

सकाळी सहाला शबानाचा फोन. विनी गेली. झोपेत.

लग्न मी केलं नाही. का ते एकेकाळी ठाऊक होतं, असं वाटतं.

शनिवार, २२ एप्रिल

हे लिहायला नको वाटतंय. म्हणून लिहितो.

आठवडाभर मनात एकच होतं. ज्याच्यासाठी खोटं बोलत होतो ते माणूस आता खिडकीत नाही. मग पन्नास कुणासाठी? बाबांनी एकदा चुकून एक गोल जास्त लावला होता. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाच्या दारात जाऊन माफी मागितली त्यांनी. ठरवलं, सकाळीच जाऊन खरे लावायचे, कुणी यायच्या आत. पण गुडघा धरला, निघायला उशीर झाला. मग वाटलं, मध्यंतराला.

मध्यंतराला ०-० होतं. शिडी चढलो. समोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला. पाट्या काढताना वाजत नाहीत, हे कधी लक्षात आलं नव्हतं; लावतानाच वाजतात. पाच काढला, शून्य काढलं, कोटाच्या खिशात घातलं. तीन लावला, आठ लावला.

आधी कुणाला कळलं नाही.  मग कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, तुलाही विकत घेतलं काय रे?" आणि हूऽऽ सुरू झाली, कालव्याकडची सगळी बाजू. मार्चमध्ये याच लोकांनी माझं गाणं केलं होतं.

त्यांना काय सांगणार होतो? की तुमच्या पन्नासांतले बारा एका बाईच्या हृदयासाठी होते, आणि ती बाई डेनिस हॉवर्थची आई?

दुसऱ्या अर्ध्यासाठी रोरी माझ्या टोकाला आला. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर होतो. त्यानं वर बघितलं. चिडला नव्हता.

"आजोबा," तो म्हणाला, "आजच?"

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला एक साधा चेंडू आला, छातीच्या उंचीचा. शाळेतल्या पोरानं धरला असता. रोरीच्या हातातून सुटला आणि आत गेला. ०-१.

सामना संपल्यावर सिरिल माझ्या पुढे चालत राहिला. शेवटी फाटकाशी थांबून म्हणाला, "निदान आठवडाभर थांबायचंस."

"खरं ते लावलं."

"खरं आम्हाला ठाऊक होतं रे," सिरिल म्हणाला. "ते बघायला कुणी तुझ्या फळ्याकडे बघत नव्हतं."

शनिवार, २९ एप्रिल

शेवटचा सामना, बाहेरगावी. बरोबरी. एकोणचाळीस.

वाचलेल्या शेवटच्या क्लबचे चाळीस. गोलांचा फरक आमचा त्यांच्याहून चांगला. म्हणजे तो एक चेंडू अडला असता तर आम्ही राहिलो असतो. हे मी पाच वेळा मांडून बघितलं, पेन्सिलीनं. दर वेळी तेच आलं.

बारा गुण गेले डेनिसमुळे. एक माझ्यामुळे. आणि एकाचाच फरक पडला.

बुधवार, ३ मे

खरेदीदार मागे फिरला. क्रॉफ्टच्या फाटकाला नवीन कुलूप लागलंय. आतल्या सगळ्या वस्तूंची यादी झाली. सिरिलनं दाखवली, अजून नीट बोलत नाही पण दाखवली. सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर लिहिलंय: 'पत्र्याचे तुकडे, जुने.'

पाच आणि शून्य माझ्या कोटाच्या खिशात राहिले होते. यादीत नाहीत. ते मी परत करणार नाही. ही माझी पहिली चोरी.

गुरुवार, ४ मे

अखेर चर्चची तारीख मिळाली, विनीला निरोप दिला. चर्चमध्ये आम्ही सात जण. जिच्या हातचे वाटाणे गावानं चाळीस वर्षं खाल्ले तिच्यासाठी सात. लोक तिच्यावर रागावलेले नव्हते. ते हॉवर्थ नावाच्या जवळ यायला कचरत होते. सिरिल मात्र आला, काळा टाय लावून, शेवटच्या बाकावर. डेनिस नव्हता. कुणी त्याचं नाव काढलं नाही, आणि तेच सगळ्यांत जास्त ऐकू येत होतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी कविता म्हटली. चौथी ओळ आली.

बाहेर शबाना रडत होती. म्हणाली, "अंकल, शनिवार असला की त्या सकाळपासून तयार व्हायच्या. केस विंचरून द्या, क्लिप लावा. एडविन आकडा घेऊन येईल म्हणायच्या."

"आकड्याची तिला फार ओढ होती," मी म्हणालो.

शबाना माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, मग रुमालात नाक शिंकरलं.

"हो अंकल," म्हणाली.

निदान ती शांतपणे गेली. पन्नास बघून गेली. सगळं हातातून निसटलं, पण तेवढं मी निसटू दिलं नाही. हे मी स्वतःला रोज सांगतो.

शनिवार, ६ मे

तीन वाजले आणि मी सवयीनं कोट घातला. कोट घालून खुर्चीत बसलो. टेबलावर पाच आणि शून्य.

साडेतीनच्या सुमारास दार वाजलं. मागचं. सिरिल पुढच्या दारानं येतो, म्हणून नवल वाटलं.

दार उघडलं तर डेनिस.

ओळखायला वेळ लागला. चेहरा उन्हानं भाजलेला, अंगावर हर्बर्टचा जुना कोट, त्याला मोठा होणारा. हातात कबुतरांची दुर्बीण, चामड्याच्या पेटीत.

"मागच्या गल्लीनं आलो, क्लेगकाका," तो म्हणाला. "पुढून यायची हिंमत झाली नाही. परवाही चर्चच्या भिंतीपर्यंत आलो होतो."

शिव्या जिभेवर होत्या. गेले तीन महिने रचून ठेवलेल्या. एकही आली नाही. त्याच्या कपाळावर विनीसारखीच आठी पडते, हे मी कधी बघितलं नव्हतं.

"आत ये," म्हटलं. तो हलला नाही.

"एकच विचारायचंय. आईला शेवटी त्या खिडकीतून काय दिसत होतं?"

मी टेबलावरच्या पाट्या उचलून त्याच्यासमोर धरल्या. पाच आणि शून्य.

"पन्नास," म्हणालो. "त्या बाराचं तिला मी कधी कळू दिलं नाही." आवाजात थोडा अभिमान होता, नाही म्हणणार नाही.

डेनिसनं शून्यावरून बोट फिरवलं. बिस्किटांच्या डब्याची नक्षी अजून मागच्या बाजूला आहे.

"ईस्टरला फोन केला होता मी," तो म्हणाला. "ती म्हणाली, अडतीस झाले रे डेनिस, अजून वाचतील." थोडा थांबला. "प्रत्येक शनिवारी रेडिओवर ऐकायची. आणि म्हणाली, एडविनला यातलं काही बोलू नकोस. त्याला कळलं की मला ठाऊक आहे, तर तो जिना चढायचा थांबेल."

हे मी चहाचं पाणी उकळेपर्यंत लिहितोय. तो अजून उंबऱ्यावरच उभा आहे. मी दोन कप काढले आहेत.